इंदिरानगर ते गोंदे, इलेक्ट्रिक मोटरसायकलवर: सॉकेटपासून सर्व्हिसपर्यंत

गेल्या वर्षी गुढीपाडव्याला, म्हणजे ३० मार्च २०२५ ला, मी इलेक्ट्रिक मोटरसायकल घरी आणली. स्कूटर नाही, मोटरसायकल. आता वर्ष होत आलंय आणि कंपनीत, सोसायटीत, सिग्नलला, पंक्चरवाल्याकडे, जिथे जाईन तिथे तेच तीन प्रश्न येतात, किती चालते, बॅटरी गेली तर किती लागतात, आणि पेटत नाही ना. तोंडाने सांगून सांगून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. गाडीच्या कंपनीचं नाव घेत नाहीये, कारण कुणाची जाहिरातही करायची नाही आणि कुणाच्या नावाने बोंबही मारायची नाही. आणि खरं सांगू का, माझा निम्मा वेळ आणि डोकं गाडीपेक्षा गाडीच्या प्लगपायी खर्ची पडलं.

आधी माझा वापर सांगतो, कारण तो वेगळा असेल तर पुढचं सगळं गणित बदलतं. राहायला नाशिकला इंदिरानगरमध्ये, नोकरी गोंदे एमआयडीसीत क्वालिटी डिपार्टमेंटला. पाथर्डी फाट्याला हायवेला लागायचं, विल्होळी, वाडीवऱ्हे आणि मग गोंदे, एका बाजूने साधारण २३ किलोमीटर. कंपनीची बस आहे पण आमचं काम शिफ्ट संपली की संपलं असं नसतं, ऑडिट असलं की बस निघून गेलेली. आधीची गाडी १५० सीसीची, नऊ वर्षं जुनी, ॲव्हरेज पंचेचाळीसच्या आसपास, पेट्रोल १०४ रुपये. म्हणजे रोज शंभराची नोट जाळायची आणि वर दर दोन-तीन महिन्यांनी ऑइल.

स्कूटर का नाही हे सगळ्यांनी विचारलं. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या इलेक्ट्रिक दुचाकींमध्ये जवळपास सगळ्या स्कूटरच आहेत, मोटरसायकलचं प्रमाण अगदीच किरकोळ. पण आमचा रस्ता मुंबई-आग्रा हायवे, शेजारून कंटेनर गेला की हवेचा फटका बसतो, पावसाळ्यात खड्डे, आणि १२ इंची चाकाची गाडी खड्ड्यात गेली की काय होतं ते मी मित्राच्या मनगटावर पाहिलंय. मोटरसायकलचं १७ इंची चाक आणि दोन्ही गुडघ्यांत धरलेली टाकी, म्हणजे टाकीच्या जागी असलेला डबा, याने हायवेला धीर येतो. त्यामुळे मोटरसायकलच बघायची हे नक्की होतं.

जानेवारीत बघायला सुरुवात केली. रिव्होल्टची आरव्ही ४०० ही २०१९ पासून बाजारात आहे, पुण्याच्या टॉर्कची क्रेटॉस २०२२ मध्ये आली, बेंगळुरूच्या ओबेनची रोर आहे, अल्ट्राव्हायोलेट आहे पण ती बघूनच समाधान मानायचं, आणि फेब्रुवारीत ओलाने रोडस्टर एक्स जाहीर केली. युट्यूब बघून बघून डोकं आउट झालं. शेवटी मी दोनच कसोट्या लावल्या, नाशकात सर्व्हिस सेंटर आहे का, आणि माझ्या रस्त्यावर माझ्या स्पीडला ती किती चालते.

दुसऱ्या मुद्द्यावर जरा थांबतो. जाहिरातीत जी रेंज असते ती आयडीसी रेंज, म्हणजे प्रयोगशाळेत रोलरवर, ठरवून दिलेल्या संथ गतीने कमी-जास्त चालवून मोजलेली. माझ्या गाडीची ती दीडशेच्या वर सांगतात. बॅटरी साडेतीन ते चार किलोवॅट-अवरच्या मधली, एक किलोवॅट-अवर म्हणजे लाइट बिलातलं एक युनिट. शोरूमवाले टेस्ट राइड म्हणून कॉलनीत दोन चकरा मारू देतात, त्याने काहीही कळत नाही. मी मागे लागून रविवारी सकाळी विल्होळीपर्यंत नेली, एकदा ४५ च्या स्पीडला आणि एकदा ७५ ला, आणि दोन्ही वेळा निघताना-पोचताना टक्के लिहून घेतले. ७५ ला जवळपास दीडपट टक्के गेले. हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो हे दहावीत पाठ केलं होतं, ते तिथे समजलं. तेव्हाच हिशोब केला, हायवेला खरी रेंज ७५ ते ८०, मला रोज हवेत ४६, म्हणजे जमतंय, फार मोकळंढाकळं नाही पण जमतंय. तुमचं रोजचं जाणं-येणं हायवेने ६५-७० च्या वर असेल आणि ऑफिसला चार्जिंग नसेल तर या साइजच्या बॅटरीच्या नादी लागू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता प्लग.

आमची बिल्डिंग तीन मजली, वीस वर्षं जुनी, मी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काही गाड्यांची बॅटरी काढून घरी नेता येते पण ती वीस किलोच्या आसपास भरते आणि रात्री बाराला सेकंड शिफ्टवरून येऊन तीन जिने तेवढं ओझं चढवायचं म्हणजे कल्पनाच करा. माझ्या गाडीची तर बॅटरी निघतच नाही. म्हणजे पार्किंगमध्ये पॉइंट पाहिजे. गाडी बुक करण्याआधी पॉइंटचं नक्की करायचं असं ठरवलं आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सोसायटीला अर्ज दिला.

अर्जावर पंधरा दिवस कुणी काही बोललंच नाही. मग एकदा चेअरमन काका जिन्यात भेटले, म्हणाले, "तुझा अर्ज वाचला रे, पण ते पेटतं ना?" त्यांच्या मोबाईलमध्ये तो व्हिडिओ होता, मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी स्कूटर धडाधड पेटली होती तो. काकांना नावं ठेवण्यात अर्थ नव्हता, त्यांच्या फ्लॅटची खिडकी बरोबर माझ्या पार्किंगच्या वर येते. मी घरी जाऊन नीट वाचलं. त्या आगींनंतर बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस १५६ नावाचे नियम कडक केले, डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. शोरूममधून माझ्या मॉडेलच्या सर्टिफिकेटची कॉपी मागून घेतली. शिवाय केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्वच्छ लिहिलंय की घरी किंवा ऑफिसात आहे त्याच वीज कनेक्शनवरून गाडी चार्ज करता येते. दोन्हीचे प्रिंटआउट काढले आणि कमिटीच्या मीटिंगला घेऊन गेलो.

मीटिंग रविवारी पार्किंगमध्येच खुर्च्या टाकून झाली. आगीवर पाच मिनिटं, आणि लाइट बिल कोण भरणार यावर पाऊण तास. मी सांगतोय की माझ्याच मीटरवरून वायर आणणार, सोसायटीच्या कॉमन मीटरचा काही संबंध नाही, तरी एक काकू म्हणाल्या, "आज हा वायर ओढेल, उद्या बाकीचे ओढतील, सगळीकडे जाळं होईल." तसा मुद्दा बरोबर होता. मग ठरलं की वायर पीव्हीसी पाइपमधून भिंतीच्या कडेकडेने, पुढे कुणाला पाहिजे असेल तर त्याच मार्गाने, बॉक्सला कुलूप, काम परवानाधारक वायरमनकडूनच आणि मी हमीपत्र द्यायचं. हमीपत्राला ५०० चा स्टॅम्प लागला, शंभराचा आता चालत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात कमीत कमी ५०० केलाय. वर नोटरीचे तीनशे. ठरावाची नक्कल सेक्रेटरींच्या सही-शिक्क्याने मागून घ्या, तोंडी "हो" वर जाऊ नका, कमिटी बदलली की हो बदलतं.

वायरमन दादा आमच्या ओळखीचे, अंबडचे. आमची मीटर रूम तळमजल्यावरच, म्हणून माझ्या मीटरपासून पार्किंगपर्यंत अंतर फार नव्हतं. चार स्क्वेअर एमएमची कॉपर वायर, वेगळी एमसीबी, गळती झाली की ट्रिप होणारा ३० मिलिॲम्पचा ब्रेकर, १६ ॲम्पिअरचा सॉकेट आणि लोखंडी कुलूपवाला बॉक्स. गाडीचा चार्जर एक किलोवॅटच्याही आतला आहे, म्हणजे चार-पाच ॲम्पिअर खेचतो, गिझर यापेक्षा जास्त खातो. पण गिझर पंधरा मिनिटं चालतो आणि हा चार-पाच तास सलग, त्यामुळे हलका सॉकेट गरम होऊन वितळतो, म्हणून १६ ॲम्पिअरच घ्यायचा. लाइट बिलावर 'मंजूर भार', म्हणजे एका वेळी किती किलोवॅट वापरायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं, तो एकदा बघून घ्या. माझा पुरेसा होता, वाढवायला लागला नाही, त्यामुळे महावितरणच्या ऑफिसला जायची वेळच आली नाही.

सगळं झालं आणि दादांनी मीटरने न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज तपासलं. ते जेमतेम दोन-तीन व्होल्ट पाहिजे. आलं अठरा. दादा म्हणाले, "साहेब, तुमच्या बिल्डिंगला अर्थिंग नावालाच आहे." जुना खड्डा खणून बघितला तर पट्टी गंजून अर्ध्यावर तुटलेली. म्हणजे वीस वर्षं सगळी बिल्डिंग गिझर, फ्रीज, वॉशिंग मशीन अशीच वापरत होती! अशा पॉइंटला गाडीचा चार्जर एकतर चालूच होत नाही, लाल दिवा दाखवून गप्प बसतो, किंवा चालू झाला तर गाडीच्या बॉडीला हात लावला की मुंग्या येतात. नवीन केमिकल अर्थिंगचा खर्च साडेपाच हजार. इथे मात्र कमिटीने मनाचा मोठेपणा दाखवला, अर्थिंग सगळ्यांचंच आहे म्हणून तो खर्च सोसायटीने केला. माझ्या खिशातून वायरिंगचे नऊ हजारांच्या थोडे वर गेले. या सगळ्यात फेब्रुवारी संपला.

तोवर शोरूमवाल्यांचे फोन सुरू झाले होते. केंद्राची सबसिडी तेव्हा पीएम ई-ड्राइव्ह योजनेतून मिळायची, ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ दर किलोवॅट-अवरला ५,००० आणि जास्तीत जास्त १०,००० अशी होती, आणि १ एप्रिलपासून ती बरोबर निम्मी होणार होती. म्हणजे पाडवा ३० ला आणि सबसिडी ३१ पर्यंत, शोरूममध्ये जत्रा. मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाच हजार भरून बुकिंग केलं. लोन आमच्या कामगार पतसंस्थेतून काढलं, फायनान्स कंपन्या इलेक्ट्रिक दुचाकीला रिसेलची खात्री नाही म्हणून व्याज जास्त लावत होत्या, आणि पतसंस्थेमुळे आरसीवर बोजा चढवायची भानगडही वाचली.

कोटेशनमध्ये 'हँडलिंग चार्जेस' म्हणून अडीच हजार लावलेले होते. हे कशाचे म्हणून विचारलं तर सेल्समन म्हणाला सगळेच देतात सर. मी फक्त एवढंच म्हटलं की वेगळी पावती देणार असाल तर देतो, लगेच काढून टाकले. इन्शुरन्सही शोरूमचाच घ्यायची सक्ती नसते, मी बाहेरून कोटेशन आणलं ते दीड हजाराने कमी होतं, मग त्यांनीही कमी केलं. नवीन दुचाकीला थर्ड पार्टी पाच वर्षांची एकदमच काढावी लागते, इलेक्ट्रिकला ती सीसीऐवजी मोटरच्या किलोवॅटवर ठरते आणि त्यात १५ टक्के सूट आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग एक वर्षाचा घेतला, झिरो डेप्रिसिएशनसकट, म्हणजे क्लेमच्या वेळी पार्टच्या किमतीतून घसारा कापत नाहीत, आणि त्यात बॅटरी आणि चार्जर धरलेत का हे वाचून घेतलं, कारण गाडीच्या किमतीत मोठा वाटा बॅटरीचाच असतो.

रोड टॅक्स शून्य, रजिस्ट्रेशन फी शून्य, जीएसटी ५ टक्के. सगळं मिळून ऑन रोड एक लाख ४८ हजार पडली.

सबसिडीसाठी कुठे हेलपाटे मारायला लागले नाहीत, ती बिलातच वजा होऊन आली, पण त्यासाठी ई-व्हाउचर काढावं लागलं. शोरूमवाला पोर्टलवर माहिती भरायचा, आधारने आपली ओळख पटवायचे, मोबाईलसमोर चेहरा धरायचा, डोळे मिचकवायचे, मग आधारला जोडलेल्या नंबरवर व्हाउचरची लिंक यायची, ती प्रिंट काढून सही करून परत अपलोड. एका आधारवर एकच गाडी. माझं चेहऱ्यावरच घोडं अडलं, शोरूमच्या ट्यूबलाइटखाली ते मला ओळखायलाच तयार नाही, शेवटी बाहेर उन्हात फुटपाथवर उभा राहिलो तेव्हा एकदाचं पास झालं. मार्चएंडमुळे पोर्टल इतकं स्लो होतं की अर्धा दिवस त्यात गेला. आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला नसेल तर तो आधी जोडून घ्या, ऐन वेळी आधार केंद्राची लाइन परवडत नाही.

नंबर प्लेट बसल्याशिवाय गाडी शोरूमच्या बाहेर काढता येत नाही, आणि हिरवी प्लेट २८ तारखेपर्यंत आलीच नव्हती. २९ ला संध्याकाळी फोन आला, आली म्हणून. पाडव्याला सकाळी गुढी उभारून बायको आणि मी गेलो, पेढे, हार, नारळ सगळं साग्रसंगीत. आरटीओचं तोंड बघावं लागलं नाही, हल्ली नवीन गाडीचं सगळं डीलरकडूनच होतं. आरसीचं कार्ड पोस्टाने यायला मे उजाडला, तोवर डिजिलॉकरमधली आरसी दाखवायची, पोलिसांनी एकदा पाथर्डी फाट्याला अडवलं तेव्हा ती चालली. पीयूसी लागत नाही हे त्या हवालदार साहेबांना माहीत होतं, सोबतच्या होमगार्डला नव्हतं.

गंमत म्हणजे पुढे मे महिन्यात राज्याच्या नवीन ईव्ही धोरणाचा शासन निर्णय निघाला, त्यात दुचाकीला मूळ किमतीच्या १० टक्के, कमाल १०,००० सवलत, २०३० पर्यंत. माझी गाडी मार्चची. चालायचंच. आता घेणाऱ्यांनी केंद्राचे आणि राज्याचे आजचे नियम दोन्ही शोरूमकडून लेखी घ्यावेत, कारण हे आकडे दर वर्षी हलतात. आणि सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे पेट्रोल-इलेक्ट्रिकच्या किमतीतली तफावतही आता माझ्या वेळेसारखी राहिलेली नाही.

चालवायला कशी? पहिला आठवडा मी सारखा क्लच शोधत होतो, डावा हात उगाच आवळायचा. गिअर नाही, आवाज नाही, थ्रॉटल पिळला की सरळ खेचते. गरवारे पॉइंटच्या गर्दीत ही गाडी म्हणजे सुख आहे, इंजिन तापत नाही, मांड्या भाजत नाहीत. पण आवाज नाही म्हणून माणसं न बघता मधे येतात, विशेषतः फोनवर बोलणारी, त्यामुळे हॉर्नवर अंगठा कायम.

एप्रिल-मेच्या उन्हात दोन गोष्टी कळल्या. कंपनीच्या उघड्या पार्किंगमध्ये दिवसभर तापलेली गाडी घरी येऊन लगेच चार्जिंगला लावली तर चार्जर बराच वेळ हळू चालतो, अर्धा-पाऊण तास थांबून लावली की नीट होते. आणि शेवटचे वीस टक्के भरायला फार वेळ लागतो, म्हणून मी रोज ८०-८५ ला काढतो आणि आठवड्यातून एकदा पूर्ण शंभर करतो, बॅटरीतले सगळे सेल एकसमान भरायला ते लागतं म्हणतात.

खरी परीक्षा पावसाळ्यात. पाण्याची भीती होती ती फोल ठरली, बॅटरी-मोटर सीलबंद आहे, विल्होळीच्या सर्व्हिस रोडच्या पाण्यातूनही गेली. मी ज्याचा विचारच केला नव्हता तो होता वारा. गोंदे नाशिकच्या नैऋत्येला, इगतपुरीकडे, आणि जून-जुलैचा वारा बरोबर तिकडूनच येतो. वाडीवऱ्ह्याच्या पुढे दोन्ही बाजूंना मोकळी शेतं, रेनकोट फुग्यासारखा फुगतो आणि गाडी जागेवर ढकलल्यासारखी होते. जुलैमधल्या एका सेकंड शिफ्टला निघताना ८६ टक्के होते, गोंद्याला पोचलो तेव्हा ४३. उरलेल्या ४३ वर परत जायचं तेवढंच अंतर, रात्री बाराला, पावसात, आणि जाताना गेलेत पण बरोबर ४३! शिफ्टभर डोक्यात तेच. कलीग म्हणाला, भाऊ गाडी इथेच ठेव आणि माझ्या मागे बस. मी म्हटलं बघू. निघालो, इको मोडला टाकली, ५५ च्या वर नेली नाही, कंटेनर बाजूने पाणी उडवत जातायत, मी डावीकडच्या पट्ट्याला धरून. विल्होळीचं जैन मंदिर आलं तेव्हा बघितलं तर २५. घरी पोचलो तेव्हा १८. वारा आता पाठीमागून होता ना. जाताना ४३ गेले तर येताना २५. हे एकदा समजल्यावर टेन्शन गेलं, पण त्यानंतर पावसाळाभर मी रोज शंभर टक्के करूनच निघायचो, ८०-८५ चे सगळे नियम गुंडाळून ठेवले.

त्याच सुमारास कंपनीत चार्जिंगसाठी विचारलं. सेफ्टीवाल्यांनी आधी सरळ नाही म्हणून सांगितलं. मग आमच्यातल्या इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांनी मिळून एक अर्ज दिला, अर्थिंगचा रिपोर्ट, एआयएसची कॉपी, तेच सोसायटीचं भांडवल परत वापरलं. दिवाळीआधी सायकल स्टँडजवळ दोन सॉकेट मिळाले, मेन गेटच्या सिक्युरिटीकडे रजिस्टरला नोंद करायची आणि महिन्याला ठरलेली रक्कम पगारातून कापतात. एकट्याने मागितलं की नाही येतं, चौघांनी मागितलं की पॉलिसी होते.

आता न आवडलेलं. सप्टेंबरमध्ये एके सकाळी गाडी चालूच होईना, डिस्प्लेवर एरर कोड. ढकलायचीही सोय नाही तशी, टेम्पो करून सर्व्हिस सेंटरला नेली, टेम्पोचे सातशे. निदान एका तासात झालं, कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतून मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा पार्ट, गेला, वॉरंटीत आहे, काळजी करू नका. पण पार्ट येईना. रोज फोन, रोज "उद्या येतोय सर". दोन आठवड्यांच्या वर गाडी तिथे पडून. फुकटात बदलून मिळाला हे खरं, पण तोवर मी माझ्या जुन्या १५० सीसीवर जात होतो. ती विकली नव्हती म्हणून निभावलं. पेट्रोल गाडी बंद पडली तर अंबडच्या कुठल्याही गॅरेजमध्ये संध्याकाळपर्यंत काहीतरी जुगाड होतो, हिला हात लावायला कुणी तयार नसतं. म्हणून घरात दुसरं काही वाहन नसेल किंवा बसची सोय नसेल तर मी आत्ता तरी इलेक्ट्रिक मोटरसायकल घे असं कुणाला म्हणणार नाही. बाकी सर्व्हिस म्हणजे ब्रेक पॅड, टायर, नटबोल्ट, सॉफ्टवेअर, एवढंच.

पैशांचं सांगतो. रोज ४६ किलोमीटरला भिंतीतून सव्वादोन युनिट जातात, पावसाळ्यात थोडे जास्त. महिन्याला पंचावन्नच्या आसपास युनिट. आमचा घरचा वापर १२० होता तो १७५ वर गेला, म्हणजे १०१ ते ३०० च्याच टप्प्यात राहिलो, तिथे वहन आकार, वीज शुल्क सगळं धरून युनिट मला तेरा-साडेतेराला पडलं. महिन्याला सव्वासातशे झाले. पेट्रोलला साडेसव्वीसशे जायचे. फरक एकोणीसशेचा. तुमच्या घरी एसी असेल आणि उन्हाळ्यात आधीच २८०-२९० युनिट होत असतील तर गाडीची युनिटं तीनशेच्या वरच्या महागड्या टप्प्यात जातील, तेव्हा मागच्या वर्षभराची बिलं काढून बघा. जे लोक "फुकटात चालते" म्हणतात त्यांनी लाइट बिल बायकोच्या हातात दिलेलं असतं.

दिवाळीला गावाला, कळवणला, घेऊन गेलो. दिंडोरी, वणी, कळवण, ७५-८० किलोमीटर. घरच्यांना हिरवी प्लेट दाखवायची हौस, दुसरं काय. स्पीड ४५-५० च्या वर नेली नाही, वणीला नाश्त्याला थांबलो तिथल्या हॉटेलवाल्याने सॉकेट दिला, चहा-मिसळ होईपर्यंत जेमतेम नऊ-दहा टक्के चढले. गावात पोचलो ते २४ टक्क्यांवर. रात्री घरच्या सॉकेटला लावली तर चार्जर लाल दिवा दाखवून गप्प, तीच अर्थिंगची रडकथा. नाना म्हणाले, "पेट्रोल टाक ना दोनशेचं." त्यांना समजावता समजावता मीच हसायला लागलो. शेवटी चुलत भावाच्या नवीन बंगल्यावर लावली, रात्री दोनला लाइट गेली, सकाळी ७१ वर होती. भाऊबीज करून आरामात परत आलो, पण पुढच्या वेळी गावाला पेट्रोलचीच नेणार. हायवेला दुचाकीसाठी वाटेवर भरवशाचं फास्ट चार्जिंग मिळेपर्यंत तरी.

आत्ता ओडोमीटर साडेअकरा हजारांच्या घरात आहे, फुल चार्जला दाखवणारी रेंज दोन-तीन किलोमीटरने उतरलीय असं वाटतं, थंडीमुळे असेल, उन्हाळ्यात कळेल. बॅटरीच्या वॉरंटी कार्डावर किती टक्के क्षमता उरली की बदलून देणार ते लिहिलेलं असतं, ते कार्ड लॅमिनेट करून ठेवलंय. या महिन्यात इन्शुरन्सचा एक वर्षाचा भाग संपतोय. ऑनलाइन रिन्यू करायला गेलो की साइट परत थर्ड पार्टीसकट पॅकेज पुढे करते, आपली ती पाच वर्षांची आधीच काढलेली असते, त्यामुळे 'फक्त ओन डॅमेज', म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, हा पर्याय शोधून तोच निवडायचा, आणि जुन्या पॉलिसीत बॅटरी-चार्जर धरलेले असतील तर नवीनमध्येही ते टिक झालेत का ते पैसे भरायच्या आधी बघायचं.